पुस्तकावरून पियानो

आमच्या बडोद्यात एखाद्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला 'पुस्तकी' म्हटले की त्याचा निकाल लागला असे समजावे. पुढे काही बोलावे लागत नाही. ऐकणारे मान हलवतात, विडा पुढे होतो आणि विषय बदलतो. हा शब्द मीही आजवर पुष्कळदा वापरला आहे. तो चुकीच्या माणसासाठी वापरला गेला, हे गेल्या पावसाळ्यात माझ्या ध्यानात आले. म्हणून हा लेख.

दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरातले एक गृहस्थ माझ्याकडे आले. वय अठ्ठावन्न, नुकतेच सेवानिवृत्त झालेले. काखेत एक मोठे पुस्तक होते, मोठ्या माणसांसाठी लिहिलेले पियानोचे पहिले पुस्तक. मुलाने परगावाहून पाठवलेला 'कॅसिओ' घरी होता. ते म्हणाले, "मास्तर, शिकवणी नको. तुमचा वेळ घेत नाही. फक्त माझे हात बरोबर पडतात का, एवढे एकदा बघाल?" मी तेव्हा विद्यार्थ्यांच्या घोळक्यात बसलो होतो. म्हणालो, "साहेब, पुस्तकाने शिकवले ना? मग पुस्तकालाच विचारा." मुले हसली. तेही हसले, आणि पुस्तक काखेत मारून जिना उतरून गेले.

तो जिना मी विसरलो नाही. मोठ्या वयात, एकट्याने, पुस्तक उघडून वाद्य शिकणाऱ्या माणसाला आपण हसतो ते कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागे लागला आहे.

निदान बडोदेकरांना तरी तो अधिकार नाही. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली, तेव्हा त्या शाळेचा पायाच पुस्तकावर होता. मौलाबक्ष काही कमी तालमीचे नव्हते. तरी त्यांनी स्वतःची स्वरलिपी बनवली, पाठ्यपुस्तके छापली आणि जे गळ्यातून गळ्यात जात होते ते कागदावर मांडले. सूरसागराच्या काठी आज विद्यापीठाची जी संगीत, नृत्य आणि नाट्याची शाखा उभी आहे, ती त्याच रोपाचा वृक्ष आहे. १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही आपल्याच शहरात, आणि तिचे सूत्रधार होते पंडित भातखंडे. ते कोण? पेशाने वकील. कोणत्याही दरबाराच्या पगारपत्रकावर त्यांचे नाव नव्हते. त्या वकिलाने घरोघर, दारोदार हिंडून चिजा गोळा केल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग सिद्ध केले. आज ज्यांच्या घराण्याचा फार बोलबाला आहे, त्यांच्याही विद्यार्थ्यांच्या पिशवीत ते भाग असतात. वरचे पान तेवढे वर्तमानपत्राने झाकलेले असते, इतकेच.

आता घरचेच सांगतो. माझे वडील राजवाड्याच्या पदरचे गायक. "राग कागदावर उतरत नाही," हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. ते गेल्यावर त्यांची पेटी उघडली, तेव्हा तळाशी उपरण्यात गुंडाळलेली एक वही निघाली. त्यांच्याच हस्ताक्षरात सुमारे नव्वद बंदिशी, स्वरांसकट, मात्रांच्या खुणांसकट. काही ठिकाणी समासात 'येथे चूक, पुन्हा विचारणे' असे लिहिलेले. वडील खोटे बोलत होते असे मी म्हणणार नाही. राग कागदावर उतरत नाही हे खरेच आहे. पण कागद जवळ ठेवावा लागतो, हेही तितकेच खरे आहे. आणि दुसरे सत्य ते आम्हांला सांगत नव्हते.

पुस्तकानंतर दुसरा आक्षेप येतो तो पट्ट्यांवर. पियानोवर मींड नाही, श्रुती नाहीत, बारा स्वर सारख्या अंतरावर खिळ्याने ठोकलेले. असले वाद्य शिकून आपल्या माणसाने करायचे काय? हाच आक्षेप एके काळी पेटीवर होता. १९४० साली नभोवाणीने पेटीला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर काढले, आणि पुढे तीसएक वर्षे ती बाहेरच राहिली. त्या अवधीत महाराष्ट्रातली पेटी मेली का? गोविंदराव टेंबे तर त्याआधीच होऊन गेले होते असे नव्हे. ते १९५५ पर्यंत आपल्यात होते, आणि पेटी त्यांनी बहुतांशी स्वतःच्या हिमतीवर आत्मसात केली होती. ज्या वाद्याला वेशीबाहेर ठेवले, त्याच वाद्यावर आज आपल्या घरातली मुले सा लावायला शिकतात. तेव्हा वाद्याची जात काढण्यात अर्थ नाही. पियानोवर मारवा वाजवावा असे कोणी म्हणत नाही. त्या वाद्याचे स्वतःचे संगीत आहे, आणि ते शिकावेसे वाटणे हा गुन्हा नव्हे.

आणि त्या संगीताचे पुस्तकाशी नाते जुने आहे. आपल्याकडे गुरूच्या समोर बसून जे घडते, त्याचा बराच भाग तिकडे पानांवर उतरलेला आहे. क्लेमेंटीची पियानो-प्रवेशिका १८०१ सालची. बेटोव्हेनचा शिष्य आणि लिस्टचा गुरू चेर्नी याने नवशिक्यांसाठी इतके धडे लिहिले की पिढ्यान् पिढ्या त्यावर गेल्या. बायरचे पहिले पुस्तक १८५१ च्या सुमाराचे. हानोंचे साठ व्यायाम १८७३ चे. हे व्यायाम पाहिले तर आपल्या माणसाला ते ओळखीचेच वाटतात: एक आकृती, ती एकेक स्वर चढत न्यायची आणि तशीच उतरवत आणायची. आपण त्याला अलंकार किंवा पलटे म्हणतो. अलीकडे अमेरिकेत खास प्रौढांसाठी जी पुस्तके निघाली, ती याच झाडाची फळे. मोठ्या माणसाला 'चिमणे गाणे' वाजवायला लाज वाटते हे ओळखून त्यांत ओळखीच्या धुना लवकर देतात. बेटोव्हेनच्या १८२४ सालच्या नवव्या सिंफनीतली ती प्रसिद्ध धून अशा अनेक पुस्तकांत भेटते, कारण ती बहुतेक सगळी पाच स्वरांत, म्हणजे पाच बोटांखाली बसते.

एवढे म्हटल्यावर पुस्तकाचे दोषही सांगितले पाहिजेत. नाहीतर मी एका टोकावरून उडी मारून दुसऱ्या टोकावर बसलो असे होईल.

पहिला दोष आकड्यांचा. अंगठा एक, करंगळी पाच, असे आकडे स्वरांच्या डोक्यावर छापलेले असतात. नवशिका स्वर वाचण्याऐवजी आकडा वाचतो. हात त्याच जागी असेपर्यंत सगळे सुरळीत चालते. पुढच्या धड्यात हात एक घर सरकला की सारा डोलारा कोसळतो. तेव्हा कळते की महिनाभर आपण आकडे वाजवत होतो, स्वर नव्हे.

दुसरा दोष डाव्या हाताचा. पुस्तक गृहीत धरते की तीन स्वर एकत्र दाबणे ही अगदी सोपी गोष्ट आहे. आपल्या कानांना ती सवयच नाही. आपल्या पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भाता मारतो. त्याला एकाएकी स्वरांचे काम सांगितले की तो बिचारा गोंधळतो. त्यात पेटीचा स्वर भात्याने लहानमोठा होतो, पियानोचा बोटाच्या आघाताने. पेटीवर दाबून धरलेला स्वर टिकतो, पियानोवर तो वाजल्या क्षणापासून विरू लागतो. हा फरक पुस्तक सांगत नाही, कारण ज्याच्या घरी पेटी आहे अशा वाचकासाठी ते लिहिलेलेच नाही.

तिसरा दोष सर्वांत मोठा: पुस्तकाला कान नाहीत. मनगट ताठ झाले, खांदे वर चढले, लय धावली, तरी पान गप्प राहते. त्या गृहस्थांनी माझ्याकडे नेमके तेवढेच मागितले होते. जे पुस्तकापाशी नव्हते तेच मागायला ते आले होते, आणि मी त्यांना परत पुस्तकाकडे पाठवले.

मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याची अडचण बोटांची आहे असे आपण म्हणतो. अनामिका आणि करंगळी स्वतंत्रपणे उचलणे कोणालाच सोपे नसते. ते मुलांनाही जड जाते. खरी अडचण लाजेची आहे. मुलाला वाईट वाजले तरी चालते, कारण चांगले काय ते त्याने अजून ऐकलेले नसते. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने जन्मभर चांगले ऐकलेले असते. त्याचा कान हातापुढे चाळीस वर्षे गेलेला असतो, आणि आपले वाजवणे त्याला स्वतःलाच सहन होत नाही. त्यात घरचे हसतात. मग मास्तर हसतात.

पण त्याच्या गाठीला जे असते ते मुलाजवळ नसते. तीनतालाच्या सोळा मात्रा त्याच्या हातात मुरलेल्या असतात. चार-चार मोजायला त्याला कोणी शिकवावे लागत नाही. सरगम ओठावर असते. म्हणून अशा विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे. धड्यातली ओळ आधी सरगमात गाऊन पाहा, मग पट्ट्यांवर हात ठेवा. पुस्तकातला मधला 'सी' म्हणजे आपली मध्य सप्तकातली पांढरी एक; पहिल्या धड्यांपुरता तिला सा माना, मात्र पुस्तकाचा सा आपल्यासारखा हवा तिथे सरकत नाही, तेथे प्रत्येक पट्टीचे नाव कायम आहे, हे विसरू नका. आकडे पेन्सिलीने खोडा. डावा हात एकटा बसवा, तो न अडखळता चालेपर्यंत उजव्याला बोलावू नका. रोज वीस मिनिटे बसा. रविवारी तीन तास बसून आठवड्याचे कर्ज फिटत नाही. आणि पान उलटण्याची घाई नको. पुस्तक संपवणे म्हणजे शिकणे नव्हे.

आणखी एक शिफारस. हंगेरीच्या बार्टोकने १९२६ ते १९३९ या काळात 'मिक्रोकोसमॉस' नावाचे १५३ रचनांचे सहा भाग लिहिले. पहिल्या भागाच्या आरंभी दोन्ही हात एकच धून वाजवतात, एक हात दुसऱ्याच्या सप्तकभर खाली. तीन-तीन स्वरांचा गोंगाट नाही. एकच ओळ, दोन हातांनी. आपल्या कानाला यापेक्षा सोयीचा दरवाजा मला ठाऊक नाही. त्याच पहिल्या भागात पुढे डोरियन आणि फ्रिजियन स्वरावलीतल्या रचना येतात. नावे परकी वाटली तरी स्वर पाहा: पहिली म्हणजे आपल्या काफी थाटाचे स्वर, दुसरी म्हणजे भैरवी थाटाचे. राग नव्हे, थाटच. पण परगावी आपल्या आळीतले माणूस भेटावे तसे वाटते.

माझे काही व्यवसायबंधू म्हणतील, अशाने अर्धवटांचे पीक येईल. येऊ द्या. मैफलीत पुढच्या चार रांगा कोण भरतो? ज्याने कधीकाळी स्वतः पेटीवर यमन कुटला आणि सोडून दिला, तोच माणूस गाणाऱ्याच्या एका जागेवर 'अहाहा' म्हणतो. कारण ती जागा किती अवघड आहे हे त्याच्या बोटांना ठाऊक असते. राजाश्रय गेला, तेव्हा कलेला याच अर्धवटांनी सांभाळले. आज आपल्या सभागृहांतल्या खुर्च्या रिकाम्या राहतात आणि आपण मुलांना दोष देतो. त्या खुर्च्यांतल्या काहींना आपणच जिन्यावरून परत पाठवले असेल, हा विचार आपल्या मनाला शिवत नाही.

आम्हां शिक्षकांकडे कोणी गंडा मागत नाही. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे हाताकडे पाहावे, मनगट सैल करायला सांगावे, लय कुठे धावते ते दाखवावे, एवढेच काम आहे. मला पियानो उत्तम येतो असे नाही. पण ताठ मनगट ओळखायला उत्तम वादक असावे लागत नाही.

दसऱ्याला सोने द्यायचे निमित्त करून मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. कॅसिओवर चादर होती, चादरीवर इस्त्रीचे कपडे. पुस्तक विचारले तर त्यांच्या सौभाग्यवतींनी कपाटाच्या वरून काढून दिले. अकराव्या पानावर बसचे तिकीट खुणेला ठेवलेले होते. मी म्हणालो, "साहेब, माझे चुकले. हात बघायला आलो आहे." ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग कपडे उचलून बाजूला ठेवले, आणि बसले. मनगट फार ताठ होते. लय मात्र घड्याळासारखी.

आता ते महिन्यातून एकदा येतात. पान अजून अकरावेच आहे. बुधवारी संध्याकाळी सहानंतर माझा जिना मोकळा असतो. ज्यांच्या काखेत असे एखादे पुस्तक असेल त्यांनी ते न झाकता यावे.