संख्यानामे, वर्णचित्रे आणि परभाषी बालक

बालवर्गातील शैक्षणिक साधनांचा विचार विद्यापीठीय मराठी विभागांत सहसा होत नाही. अक्षरतक्ते, चित्रपत्ते, मण्यांच्या माळा, काड्यांचे गठ्ठे या वस्तू अध्यापक विद्यालयांच्या अखत्यारीतील समजल्या जातात, आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्यांची दखल घेणे काहीसे कमीपणाचेही मानले जाते. वस्तुतः यांतील प्रत्येक साधन एका विशिष्ट भाषेत बोलत असते. ज्या बालकाच्या घरी ती भाषा नाही, त्याच्यापुढे ते मुके होते. क्वचित दिशाभूलही करते. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी व माडिया, सातपुड्यातील भिली व पावरी, सोलापुरातील तेलुगू व कन्नड अशा घरांतून मराठी माध्यमाच्या पहिलीत येणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे प्रकर्षाने जाणवते. कोरकू मुंडा कुळातील, तर गोंडी आणि माडिया द्राविड कुळातील. तेव्हा हे अंतर 'बोली आणि प्रमाणभाषा' एवढ्या सोयीस्कर कोटीत बसणारे नाही.

प्रथम वर्णचित्रांचा तक्ता पाहावा. 'अ अननसाचा', 'ऐ ऐरणीचा', 'औ औताचा' ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्यावर होणारा नेहमीचा आक्षेप असा की, डोंगरातील मुलाने अननस पाहिलेला नसतो. आक्षेप खरा, पण वरवरचा. (औत त्याने शहरी मुलापेक्षा अधिक पाहिलेले असते, हेही लक्षात घेतले पाहिजे.) मूळ अडचण वेगळीच आहे. चित्र पाहताच मुलाच्या तोंडून मराठी शब्द निघेल आणि त्या शब्दाचा पहिला ध्वनी त्याला अक्षराकडे नेईल, असे हा तक्ता गृहीत धरतो. झाडाचे चित्र पाहून कोरकू मूल आपल्या भाषेतील शब्द उच्चारते, आणि त्या शब्दाच्या आरंभी 'झ' नसतो. मराठी मुलाला जी खूण असते, ते या मुलापुढे दुसरे कोडे होऊन उभे राहते. मग मूल चित्र, शब्द आणि अक्षर ही तिन्ही पाठ करते. तक्त्याबाहेर तेच अक्षर भेटले की अडखळते. 'मुलाला वाचता येत नाही' असा शेरा तेव्हा पडतो. साधनावर शेरा मारण्याची प्रथा नाही.

गणिताच्या बाबतीत भाषेचा हा हस्तक्षेप अधिक खोल आहे, कारण तेथे तो कोणाच्या ध्यानीच येत नाही. मराठी संख्यानामे ही भाषेच्या इतिहासाची खाणच आहेत. 'दोन' हा शब्द बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव यांपैकी एकातही ऐकू येत नाही; ऐकू येते ते 'द्वा'चे झिजून झालेले 'बा', 'बे', 'ब्या'. पन्नासाचे 'वन्न' आणि 'पन्न' होते, सत्तरचे 'हत्तर' होते. एकोणीस, एकोणतीस अशी 'एक उणे' सांगणारी मालिका एकोणनव्वदपर्यंत टिकते आणि नव्याण्णवपाशी मोडते. व्युत्पत्तीच्या अभ्यासकाला यात रस वाटावा; सहा वर्षांच्या परभाषी मुलाला मात्र शंभरापर्यंतचे जवळजवळ प्रत्येक नाव स्वतंत्रपणे घोकावे लागते. शिवाय एकक आधी, दशक नंतर. 'पंचवीस' ऐकून मूल ५२ लिहिते, ते कानाशी प्रामाणिक राहूनच लिहिते. कन्नड 'इप्पत्तैदु' किंवा तेलुगू 'इरवै ऐदु' यांत वीस आधी आणि पाच नंतर. म्हणजे सोलापुरातील त्या मुलाच्या घरी संख्या जशी बोलली जाते, तशीच ती अंकांत लिहिली जाते. शाळेत आल्यावर त्याला उलटे बोलायला शिकावे लागते आणि त्याची नोंद गणितातील कच्चेपणा म्हणून होते.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा उठलेला गदारोळ या संदर्भात आठवावा. गणित विषय समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी दोन्ही रीती दिल्याचे स्पष्ट केले होते; तरीही वाद 'मराठीचा वारसा विरुद्ध सोपेपणा' याच चाकोरीत फिरत राहिला. विनोद पुष्कळ झाले. भाषेच्या अभ्यासकांनी जो प्रश्न विचारावयास हवा होता, तो असा: हा वारसा कोणत्या मुलाला घरातून मिळतो आणि कोणाला तो शाळेतच, तोही परीक्षेच्या धाकाने, मिळवावा लागतो? मराठी घरातील मुलाने 'पंचवीस रुपये' हे शब्द शाळेत येण्यापूर्वी शेकडो वेळा ऐकलेले असतात. नॉर्वेने १९५१ साली एकक-दशकांचा क्रम अधिकृतपणे बदलला. जुनी रीत बोलण्यातून अजूनही गेलेली नाही आणि त्यामुळे त्या भाषेचे काही बिघडलेही नाही. तथापि केवळ नाव बदलून काम भागेल, हे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. बाजारात 'वीस पाच' कोणी म्हणत नाही. दीड आणि अडीच यांना तर पर्यायच नाही. परंपरागत नावे मुलाला आलीच पाहिजेत. प्रश्न आहे तो आधी काय आणि नंतर काय याचा.

येथे साधनाचे खरे स्वरूप उघड होते. दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या मुलापुढे ठेवल्या की डोळे आणि हात गठ्ठ्यांपासून सुरुवात करतात; तोंडाला मात्र पाचापासून आरंभ करण्याची सक्ती असते. वस्तूचा क्रम एक आणि शब्दाचा दुसरा. 'दोन दशक पाच' किंवा 'वीस आणि पाच' असे आधी बोलू दिले, मुलाच्या घरच्या भाषेत मोजू दिले आणि मग त्याच गठ्ठ्यांवर 'पंचवीस' हे नाव चढवले, तर तीनही गोष्टी जुळतात. त्यासाठी शिक्षकाला बोलावे लागते आणि मुलाला बोलू द्यावे लागते. साहित्याच्या पेट्या शाळेत पोहोचतात. हे बोलणे पेटीतून येत नाही.

शाब्दिक उदाहरणांत तर गणिताची क्रियाच लहान शब्दांवर अवलंबून असते. पेक्षा, पैकी, प्रत्येकी, एकूण, उरले. 'सीतेजवळ गंगूपेक्षा तीन बोरे जास्त आहेत' या वाक्यातील 'पेक्षा' निसटला की मूल सीतेला तीनच बोरे देते आणि पुढे बिनचूक बेरीज करते. उत्तर चुकते ते व्याकरणामुळे. परिसर अभ्यासातही तेच. मोह केव्हा फुलतो, कोणत्या पावसानंतर कोणती भाजी उगवते, हे ज्या मुलाला ठाऊक आहे, त्याला 'कारण', 'म्हणून', 'जर-तर' यांची मराठी जोडणी साधत नसल्याने ते गप्प बसते आणि निरीक्षणाच्या तासाला निरीक्षणशून्य ठरते.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, माँटेसरी पद्धतीची महागडी उपकरणे बाजूला ठेवून बिया, शिंपले, खडे, पाने यांतून साधने घडविली. या स्वस्ताईचेच कौतुक आजवर अधिक झाले. बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेण्याचा त्यांचा निर्णय भाषिक दृष्ट्या अधिक महत्त्वाचा होता, असे म्हणता येईल. कारण अंगणात घरची भाषा आपोआप उपस्थित असते, तिला परवानगी मागावी लागत नाही.

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची तरतूद संविधानाच्या अनुच्छेद ३५० क मध्ये १९५६पासून आहे आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिचा पुनरुच्चार केला आहे. परंतु घोषणेतून तक्ता तयार होत नाही. मराठी विभागांनी आदिवासींची गीते आणि कथा लोकसाहित्य म्हणून संकलित केल्या, त्यांवर प्रबंध लिहिले. ज्यांच्या आज्यांनी ती गीते सांगितली, त्या मुलांच्या हाती पहिलीचे पुस्तक मात्र जसेच्या तसे राहिले. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३ साली मराठीत प्रसिद्ध झाला. त्यातील सामग्री वर्गापर्यंत पोहोचविणे, हेही संशोधनच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाल्यानंतर प्राकृत वारशाचा उल्लेख वारंवार होतो; 'बावीस' आणि 'बेचाळीस' यांतही तोच वारसा आहे, आणि तो सर्वाधिक जड कोणाला जातो, हे तपासण्याचे काम याच विभागांचे आहे.

प्रारंभ लहान असू शकेल. एखाद्या तालुक्यातील शाळांत येणाऱ्या मुलांच्या घरच्या भाषेतील दोन-अडीचशे शब्द, मोजण्याची रीत, तुलना करण्याची वाक्ये एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी स्थानिक शिक्षकांबरोबर देवनागरीत नोंदवावीत. कोणत्या चित्राला मुले काय म्हणतात आणि त्या शब्दाचा पहिला ध्वनी कोणता, एवढे कळले तरी त्या तालुक्यापुरता नवा अक्षरतक्ता करता येतो. त्यात 'अ' कशाचा असावा, हे त्या यादीवरून ठरेल.