बिनलायसन्सचा बार

आमच्या ऑफिसात वाढदिवस म्हणजे दुपारी चार वाजता पॅन्ट्रीत केक. आणि केक म्हणजे चॉकलेट ट्रफल. एचआरवाल्या मॅडमना दुसरा फ्लेव्हर माहीतच नसावा! गेल्या वर्षी माझ्या शेजारच्या डेस्कवरच्या मुलीचा वाढदिवस होता. तिने मेणबत्ती फुंकली, केक कापला, आम्हा अकरा जणांना एकेक घास भरवला, फोटोला पोझ दिली.. आणि स्वतः ग्लासभर पाणी पिऊन जागेवर जाऊन बसली. मी नेहमीच्या उत्साहात ओरडलो, ‘काय मॅडम, डाएट का?’ सगळे हसले. तीही हसली.

दोन दिवसांनी कॉफी मशीनपाशी भेटली तेव्हा शांतपणे म्हणाली, ‘अरे, मला सिलिअ‍ॅक आहे. गहू चालत नाही.’

‘म्हणजे एखादा घासही नाही?’

‘घास सोड, चुरासुद्धा नाही.’

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. तोवर ‘ग्लुटेन फ्री’ म्हणजे मॉलमधल्या महागड्या शेल्फवरचं एक फॅड, अशी माझी पक्की समजूत. प्रकरण तसं नाही. ग्लुटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतलं प्रथिन. कणीक ताणली जाते, पोळी फुगते ती त्याच्यामुळेच. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं की त्याचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. हिमोग्लोबिन खाली, वजन खाली, सततचा थकवा. यावर गोळी नाही. आयुष्यभर ग्लुटेन बंद, एवढाच उपाय. (हे वाचून कुणी उद्यापासून स्वतःच्या मनाने पोळ्या सोडू नका हं! तपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची असते. आधी सोडलात तर रिपोर्ट दिशाभूल करतो. डॉक्टरांना आधी विचारा.)

त्या दिवशी ठरवलं, पुढच्या वाढदिवसाला हिला खाता येईल असं काहीतरी आपण करायचं. त्यात जानेवारीत आमचे टीम लीड व्हीगन झाले. दूध, तूप, मध सगळं बंद. म्हणजे पदार्थ ग्लुटेन फ्रीही हवा आणि व्हीगनही. म्हटलं ग्रॅनोला बार करू. दिसायला भारी, हेल्दी, डब्यात नेता येतो. आणि वाकडच्या फ्लॅटवर मी आणि रूममेट मिळून जे स्वयंपाकघर चालवतो, त्यात मॅगीच्या पुढचं काही झालंच तर पाहिजे होतं.

रंगीत तालीम म्हणून एका रविवारी ओट्स, बदाम, मनुका आणि भरपूर मध घालून ओव्हनमध्ये ट्रे ठेवला. सोमवारी ऑफिसात डबा उघडला. बार कसले, चुराच होता, पण चवीला झकास. चमच्याने खाल्ला लोकांनी. फक्त दोघांनी हात लावला नाही. टीम लीड म्हणाले, ‘यात मध आहे ना?’ आणि तिने विचारलं, ‘ओट्स कुठले?’ म्हणजे ज्या दोघांसाठी हा उद्योग केला, नेमके तेच उपाशी!

मधाचं माझ्या डोक्यातून साफ निसटलं होतं, ते कबूल. पण ओट्सचं खरंच लागलं मनाला. ओट्समध्ये ग्लुटेन नसतं, हे मी वाचून गेलो होतो. थोडा तोऱ्यातच म्हणालो, ‘अगं, ओट्स ग्लुटेन फ्री असतात.’ ती म्हणाली, ‘असतात. पण शेतात, गोदामात, गिरणीत ते गव्हाच्याच संगतीत राहतात. पाकिटावर ग्लुटेन फ्री लिहिलेलं असेल तरच मी घेते. आणि सगळ्यांना तेही सोसत नाहीत.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘तू एवढं केलंस.. सॉरी हं.’

सॉरी तिने म्हणायचं? मला जाम कसंतरी झालं. खरं सांगायचं तर थोडा रागही आला होता. एवढ्या प्रेमाने केलंय, एक तुकडा खाल्ला तर काय बिघडेल.. तिच्या आयुष्यातल्या प्रत्येक काकू-मावशीला हेच वाटत असणार. आणि बिघडलं तर ते तिच्या एकटीचं बिघडतं.

मग मी क्लासच लावला तिच्याकडे. रोज लंच टाइमला एक धक्का! डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. सोया सॉसमध्ये गहू. कॉर्नफ्लेक्समध्ये माल्ट, म्हणजे जव. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी मूठभर गहू. ज्वारीचं पीठ चालतं, पण गिरणीत आधी गहू दळलेला असेल तर नाही. आपल्याकडे पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. किलोमागे 20 मिलिग्रॅम! माझ्या ओट्यावर पोळ्यांच्या मावशी जाताना जेवढं पीठ मागे ठेवून जातात, त्याचा हिशेब करायचीही हिंमत झाली नाही.

‘मग तू बिनधास्त खातेस कधी?’

‘एकादशीला,’ ती म्हणाली. ‘राजगिरा, वरई, साबुदाणा. घरातले सगळे कंटाळतात, मी जेवते.’

माझी ट्यूब तिथेच पेटली. राजगिऱ्याची वडी! आपला देशी ग्रॅनोला बार तर स्टेशनवरच्या स्टॉलवर कधीचा विकला जातोय. गंमत म्हणजे राजगिरा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोत आजही लाह्या गोड पाकात घालून वड्या करतात आणि त्यांना म्हणतात ‘अलेग्रिया’, म्हणजे आनंद. आणि ज्याला आपण ग्रॅनोला म्हणून डोक्यावर घेतो त्याचा पूर्वज, 1863 साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका डॉक्टरने काढलेला ‘ग्रॅन्युला’, तो चक्क गव्हाच्या जाड्या पिठाचा होता. रात्रभर भिजवल्याशिवाय दाताला दाद देत नसे. तेव्हा कोणाचं कौतुक करायचं ते आपणच ठरवा.

आईला साताऱ्याला फोन लावला. ती म्हणाली, ‘पाक जमला तर सगळं जमलं. आणि चिक्कीचा गूळ आणू नकोस, दगड होईल. साधा घे. ताटाला तूप लाव.’ तूप नको म्हटल्यावर पलीकडे पाच सेकंद शांतता. मग, ‘बरं, शेंगदाण्याचं तेल लाव. पण त्या पोरीला व्यवस्थित विचारून कर हो.’

तर आता कृती. ही कॉपी करून ठेवा.

आधी सफाई. ज्या दिवशी मावशींची सुट्टी तोच दिवस निवडला. ओटा दोनदा पुसला, मिक्सरचं भांडं रबरी रिंग काढून धुतलं. उलथणं, चाळणी आणि पोळपाटाखालचं फडकं यांना प्रवेशबंदी. नवीन लाकडी उलथणं आणलं. रूममेटला सांगितलं, आज ब्रेड खायचा तर गॅलरीत.

राजगिरा अख्खा आणायचा आणि घरीच फोडायचा. जाड बुडाची कढई चांगली तापू द्या. एका वेळी एकच चमचा टाका आणि स्वच्छ सुती फडक्याच्या बोळ्याने फिरवत राहा. कढई पुरेशी तापलेली असेल तर दहा-पंधरा सेकंदांत पांढऱ्या लाह्या नाचायला लागतात. नसेल तर दाणे नुसतेच करपतात. पहिले चार चमचे मी असेच घालवले. दोन वाट्या लाह्या, म्हणजे साधारण 50 ग्रॅम, हव्यात.

शेंगदाणे 100 ग्रॅम भाजून, सोलून जाडसर भरडा. 30 ग्रॅम तीळ आणि 50 ग्रॅम भोपळ्याच्या बिया कोरड्याच भाजा. 100 ग्रॅम बिनबियांचा मऊ खजूर आणि आणखी मूठभर भाजलेले दाणे मिक्सरमधून फिरवून गोळा करा. सुंठ, वेलची, मीठ. मीठ विसरू नका, त्याशिवाय सगळं नुसतंच गोड लागतं.

आता पाक. 120 ग्रॅम चिरलेला गूळ, दोन चमचे पाणी, बारीक आच. फेस आला की वाटीतल्या गार पाण्यात एक थेंब टाका. विरघळला तर अजून थांबा. बोटांनी मऊ गोळी वळता आली की ताबडतोब गॅस बंद! आणखी मिनिटभर रेंगाळलात तर तोच थेंब वाटीत ‘टण्ण’ वाजतो. मग ती झाली चिक्की. वाईट नाही, पण दातांचा विमा असला तर बरा. पाकात आधी खजुराचा गोळा कालवा, मग दाणे-बिया, लाह्या अगदी शेवटी.

तेल लावलेल्या ताटात ओतून वाटीच्या बुडाने दाबा. दाबा म्हणजे बॉसचा राग काढल्यासारखं दाबा. माझा पहिला बार मोडला तो मधाच्या चुकीने नव्हे, तर न दाबल्यामुळे, हे आता कळलं. कोमट असतानाच सुरीने खुणा करा, तासभर फ्रिजमध्ये ठेवून कापा. बारा बार होतात. हवाबंद डब्यात आठवडाभर राहतात. पावसाळ्यात फ्रिजमध्येच ठेवा, नाहीतर लाह्या मऊ पडतात.

आणि ते ‘हेल्दी’चं काय? एका बारमध्ये अंदाजे 180 कॅलरीज. गूळ आणि खजूर म्हणजे शेवटी साखरच, उगाच स्वतःला फसवू नका. पण चार वाजता व्हेंडिंग मशीनमधल्या क्रीम बिस्किटांपेक्षा दाणे-तीळ-राजगिरा पोटात जास्त वेळ टिकतो, एवढं मी खात्रीने सांगतो. दोन मात्र खायचे नाहीत. (मी तीन खाल्ले.)

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी डबा तिच्या डेस्कवर ठेवला आणि सोबत एक पिशवी. आत गूळ, राजगिरा, तीळ, बिया, खजूर, तेल, सगळ्यांची रिकामी पाकिटं. तिने एकेक पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचली. मी दहावीच्या निकालाला बसल्यासारखा बसलो होतो.

‘मिक्सर?’

‘रिंग काढून धुतला.’

‘उलथणं?’

‘नवीन.’

चार वाजता पॅन्ट्रीत नेहमीचा ट्रफल आलाच होता. तिने केक कापला, सुरी बाजूला ठेवली. मग हात धुतले, आपल्या ड्रॉवरमधली वेगळी सुरी आणली, डब्यातला एक बार मधोमध कापला आणि अर्धा स्वतः खाल्ला. आधी स्वतः! उरलेला अर्धा टीम लीडपुढे धरला. ते खाऊन म्हणाले, ‘गूळ व्हीगन असतो ना?’ मी म्हटलं, ‘सर, उसाचाच असतो. गुऱ्हाळात रस साफ करायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात.’ त्यांनी दुसरा बार उचलला.

सोमवारी डबा परत आला. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. आत ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा होता, तिच्या आईने केलेला, आणि वर एक चिठ्ठी: ‘हिंग नाही. पाकिटं खाली आहेत.’