कोठारे भरली, भूजल आटले : अन्न, पाणी आणि आरोग्याचा एकत्रित हिशेब कधी?

नवी दिल्ली : सरकारी गोदामांत तांदळाचा साठा गरजेपेक्षा कितीतरी अधिक आहे. त्या साठ्यात मोठा वाटा उचलणाऱ्या पंजाबात जमिनीखालचे पाणी वर्षागणिक खोल जात आहे. आणि हा तांदूळ ज्या देशात दरमहा मोफत वाटला जातो, तेथील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. या तीन वस्तुस्थितींवर राजधानीत नेहमीच तज्ज्ञांच्या चर्चा झडतात. मात्र कृषितज्ज्ञ हमीभावावर बोलतात, जलतज्ज्ञ भूजलावर आणि आरोग्यतज्ज्ञ लोहाच्या गोळ्यांवर. प्रश्न एकच असून त्याची विभागणी तीन मंत्रालयांत झाली आहे, ही बाब या चर्चांतून आता ठळकपणे पुढे येऊ लागली आहे.

उपशाचा ताळेबंद

जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश भारत आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या मूल्यांकनानुसार देशातील वार्षिक उपसा सुमारे २४५ अब्ज घनमीटर असून उपलब्ध भूजलाच्या तो जवळपास ६० टक्के भरतो. हा सरासरी आकडा दिलासादायक वाटला, तरी सरासरीआड मोठी तफावत दडली आहे. पंजाबात उपशाचे प्रमाण १५० टक्क्यांच्या पुढे आहे. निसर्ग वर्षभरात जितके पाणी जमिनीत मुरवतो, त्याच्या दीडपटीहून अधिक पाणी तेथे बाहेर काढले जाते. राज्यातील १५३ गटांपैकी ११० हून अधिक गट ‘अतिशोषित’ वर्गात मोडतात. राजस्थान आणि हरियाणाही याच पंक्तीत आहेत.

उपसलेल्या भूजलापैकी सुमारे ८७ टक्के पाणी शेतीला लागते. त्यामुळे घरातला नळ जपून वापरण्याचा उपदेश योग्य असला, तरी देशाच्या पाण्याचे भवितव्य ठरते ते कोणते पीक कोठे घेतले जाते यावर. नियोजन आयोगाचे माजी सदस्य मिहिर शहा हाच मुद्दा अनेक वर्षे मांडत आले आहेत. सिंचनाच्या पाण्याचा मोठा भाग भात, गहू आणि ऊस ही तीन पिके पितात. म्हणून पाण्याचे धोरण प्रत्यक्षात पीकधोरणातूनच आखावे लागेल, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

भात का सुटत नाही?

भात हे पंजाबचे पारंपरिक पीक नव्हे. १९६०-६१ मध्ये तेथे भाताखाली जेमतेम सव्वादोन लाख हेक्टर क्षेत्र होते. आज ते ३० लाख हेक्टरांच्या वर आहे. एक किलो तांदळासाठी साधारण तीन ते पाच हजार लिटर पाणी लागते, हे ध्यानात घेता हा विस्तार कशाच्या बळावर झाला हे उघड होते. हरितक्रांतीचे शिल्पकार एम. एस. स्वामीनाथन यांनी १९६८ मध्येच, क्रांतीचे गोडवे गायले जात असताना, जमीन आणि भूजल ओरबाडणाऱ्या शेतीचे दुष्परिणाम भोगावे लागतील असा इशारा दिला होता. १९८६ मध्ये अर्थतज्ज्ञ सरदारा सिंग जोहल यांच्या समितीने गहू-भाताखालील २० टक्के क्षेत्र अन्य पिकांकडे वळवण्याची शिफारस केली. तिला चार दशके होत आली, तरी भाताचे क्षेत्र घटण्याऐवजी वाढतच गेले.

यात शेतकऱ्याला दोष देणे सोपे असले, तरी ते अन्यायाचे ठरेल. त्याचा निर्णय पूर्णतः व्यवहारी आहे. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे, तर मक्याचा २,४०० आणि मुगाचा ८,७६८ रुपये. कागदावर मका भातापेक्षा सरस दिसतो. परंतु पंजाबच्या मंडीत भाताचा दाणा न् दाणा सरकारी यंत्रणा उचलतात. मक्याला आणि मुगाला तशी हमी नाही. मुगाचे एकरी उत्पादनही कमी आणि किडीचा धोका अधिक. त्यात १९९७ पासून, मधला अल्प काळ वगळता, शेतीपंपांना वीज मोफत आहे. खरेदीची हमी आणि फुकट वीज हातात असताना पाणी वाचवण्यासाठी स्वतःच्या उत्पन्नावर पाणी सोडा, असे शेतकऱ्याला सांगण्यात अर्थ नसतो.

अर्थतज्ज्ञ अशोक गुलाटी यांचा युक्तिवाद याच मुद्द्यावर बेतलेला आहे. भातापोटी वीज आणि खतांवर जे अनुदान खर्च होते, तेच डाळी, तेलबिया, मका अशी पिके घेणाऱ्यास थेट द्यावे, असे ते सुचवतात. हरियाणाने २०२० मध्ये ‘मेरा पानी मेरी विरासत’ योजनेखाली भात सोडणाऱ्यास एकरी ७,००० रुपये देण्यास प्रारंभ केला. पंजाबात थेट पेरणीने भात घेणाऱ्यास एकरी १,५०० रुपये मिळतात. अशा प्रोत्साहनाचे स्वागत झाले असले, तरी खरेदीच्या हमीला पर्याय म्हणून ते अद्याप उभे राहिलेले नाही.

एक उपाय, दुसरा अपाय

विषय तुकड्यांत हाताळला की काय होते, याचे बोलके उदाहरण २००९ चा पंजाबचा भूजल संरक्षण कायदा आहे. कडक उन्हाळ्यात भात लावल्यास पाण्याची वाफ अधिक होते, म्हणून १० जूनपूर्वी लावणीस मनाई करण्यात आली. पुढे ही तारीख २० जूनपर्यंतही मागे ढकलली गेली. पाण्याच्या दृष्टीने निर्णय तर्कशुद्ध होता. परंतु लावणी लांबली तशी कापणीही लांबली. गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करण्यास दोन-तीन आठवडेच उरले आणि धसकटे जाळणे हा सर्वांत स्वस्त मार्ग ठरला. ऑक्टोबरअखेर वारे मंदावतात, हवा थंड होऊन धूर जमिनीलगत कोंडतो. पंजाबात दरवर्षी निर्माण होणारा भाताचा पेंढा सुमारे दोन कोटी टन आहे. दिल्लीच्या प्रदूषणास वाहने, उद्योग आणि धूळ हेही कारणीभूत असले, तरी त्या काही आठवड्यांत या धुराची भर निर्णायक ठरते.

म्हणजे पाणी वाचवण्यासाठी केलेल्या उपायाची किंमत फुप्फुसांनी मोजली. धूर प्रथम श्वासात जातो तो पंजाबातील गावकऱ्यांच्याच, हेही विसरता येणार नाही. दीर्घ मुदतीच्या ‘पुसा-४४’ वाणावर बंदी आणि लवकर तयार होणाऱ्या ‘पीआर-१२६’ वाणाचा प्रसार हा यातून काढलेला मधला मार्ग. मात्र २०२५ मध्ये पंजाबने लावणीची सुरुवात १ जूनपर्यंत अलीकडे आणली, तेव्हा भूजलाची काळजी वाहणाऱ्या तज्ज्ञांनी पुन्हा धोक्याचा इशारा दिला. लावणी अलीकडे आणली तर पाण्यावर ताण येतो आणि मागे नेली तर हवेवर. तारखा पुढेमागे करून हा पेच सुटणारा नाही.

पोट भरले, पोषण राहिले

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली सुमारे ८१ कोटी नागरिकांना धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत असून २०२४ पासून आणखी पाच वर्षे ही सवलत चालू राहणार आहे. उपासमारीपासून संरक्षण देणारी ही व्यवस्था आहे आणि महासाथीच्या काळात तिचे मोल देशाने अनुभवले. तरीही २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके खुरटलेली आढळली. १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त स्त्रियांचे प्रमाण आधीच्या पाहणीतील ५३ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर गेले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत ते ६७ टक्के आहे. रक्त तपासण्याच्या पद्धतीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्तात प्रमाण फुगून दिसते, असे काहींचे म्हणणे आहे. मात्र समस्या मोठी आहे याविषयी दुमत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जारी केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत कारणाकडे बोट दाखवले आहे. एकूण ऊर्जेतील तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत असावा, प्रत्यक्षात तो ५० ते ७० टक्के आहे. डाळी, मांस, मासे यांचा वाटा शिफारशीपेक्षा बराच कमी आहे. शिधापत्रिकेवर जे स्वस्त मिळते तेच ताटात वाढते, हा यामागचा साधा व्यवहार.

सरकारने यावर तांदळाचे पोषणमूल्य वाढवण्याचा मार्ग पत्करला. लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळलेला तांदूळ मोफत पुरवण्यास २०२४ मध्ये डिसेंबर २०२८ पर्यंत मंजुरी देण्यात आली होती. मोठ्या लोकसंख्येपर्यंत पोहोचणारा हा जलद उपाय असल्याचे समर्थक सांगतात. डाळी, भाज्या, अंडी ताटात आणण्याऐवजी भातातच औषध मिसळल्याने मूळ उणीव झाकली जाते, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. डाळींच्या बाबतीत देश स्वयंपूर्ण नाही; २०२४-२५ मध्ये ७० लाख टनांहून अधिक डाळी आयात कराव्या लागल्या. म्हणजे पाणी उपसून गरजेपेक्षा जास्त तांदूळ पिकवायचा, त्यातला बराचसा निर्यात करायचा आणि पोषणासाठी हवी असलेली डाळ परदेशातून आणायची, असा हा व्यवहार आहे. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के आहे. तांदळासोबत पंजाबचे भूजलही जहाजात चढते, असे जलतज्ज्ञ म्हणतात ते याच अर्थाने.

खोल पाण्याचे आजार

पाणी आणि आरोग्य यांचा संबंध याहून थेट आहे. विहिरी जसजशा खोल जातात, तसतसे अनेक ठिकाणी खडकांतील घातक घटक पाण्यात अधिक येतात. गंगेच्या खोऱ्यात आर्सेनिक, राजस्थान व तेलंगणात फ्लोराइड, पंजाबच्या माळवा भागात युरेनियम. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडच्या काही गावांत फ्लोराइडमुळे दात व हाडे विकृत होण्याचा त्रास जुना आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा अधिक आढळले. त्याचा मोठा स्रोत रासायनिक खते आणि सांडपाणी. जलजीवन अभियानाने २०१९ मधील सव्वातीन कोटी ग्रामीण नळजोडण्यांची संख्या १५ कोटींपुढे नेली, ही मोठीच कामगिरी. परंतु बहुतांश योजनांचा स्रोत भूजलच आहे. नळ पोहोचला आणि झरा आटला तर त्या जोडणीचा उपयोग काय, हा प्रश्न उरतोच.

लातूरचा धडा

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. येथे भाताच्या जागी ऊस आहे, इतकाच फरक. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले, तेव्हा त्याच मराठवाड्यात उसाचे फड आणि साखर कारखाने उभे होते. कारण पंजाबसारखेच : उसाला दराची आणि खरेदीची खात्री आहे, डाळी-ज्वारीला नाही. उलट नगर जिल्ह्यातील हिवरेबाजारने पावसाचा ताळेबंद मांडून पिके ठरवली, सिंचनासाठी कूपनलिकांना मज्जाव केला आणि ऊस टाळला. एका गावात ग्रामसभेने जे साधले, ते राज्याच्या पातळीवर बाजाराच्या आधाराविना साधणे कठीण आहे.

कोंडी कोठे फुटेल?

फेब्रुवारी २०२४ मध्ये आंदोलक शेतकऱ्यांपुढे केंद्राने तूर, उडीद, मसूर, मका आणि कापूस पाच वर्षे हमीभावाने खरेदी करण्याचा प्रस्ताव ठेवला. सर्व पिकांना कायदेशीर हमी हवी, असे सांगत संघटनांनी तो फेटाळला. पाच वर्षांनंतर काय, ही त्यांची शंका अनाठायी नव्हती. दुसरीकडे, सर्व पिकांच्या खरेदीचा भार कोणत्याही सरकारला पेलणारा नाही, हा अर्थतज्ज्ञांचा इशाराही दुर्लक्षिण्याजोगा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या डाळी स्वयंपूर्णता अभियानात तूर, उडीद व मसूर यांची नोंदणीकृत शेतकऱ्यांकडून चार वर्षे पूर्ण खरेदी करण्याची तरतूद आहे. दिशा योग्य आहे. कसोटी लागेल ती मंडीतील प्रत्यक्ष वजनकाट्यावर.

तज्ज्ञांच्या मांडणीतून एक समान सूत्र मात्र हाती लागते. अंगणवाड्या, शाळांतील ‘पीएम पोषण’ आणि शिधावाटप यांसाठी डाळी व भरडधान्ये स्थानिक पातळीवर नियमित खरेदी केली, तर शेतकऱ्याला खात्रीचा ग्राहक मिळेल, भूजलावरचा भार हलका होईल आणि बालकांच्या ताटात प्रथिने येतील. एकाच खर्चातून तिन्ही मंत्रालयांची उद्दिष्टे साधणारा हा मार्ग आहे. त्यातही अडचणी आहेत. तांदूळ पूर्वेकडील पाणीदार राज्यांनी पिकवावा, तर छत्तीसगडसारखे राज्य क्विंटलला ३,१०० रुपये देऊन तोच अतिरेक नव्या जागी उभा करू शकते. शेती, पाणी आणि आरोग्य हे घटनेनुसार प्रामुख्याने राज्यांचे विषय असल्याने केंद्राला आदेशाने नव्हे, तर सहमतीने पुढे जावे लागेल.

२०१९ च्या अखेरीस सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्ये होती. उपशाचे प्रमाण सर्वाधिक असलेला पंजाब त्यांत नव्हता. हिशेब तुकड्यांत मांडला की नेमकी सर्वांत मोठी रक्कम वगळली जाते, ती अशी. येत्या खरिपाचे हमीभाव जाहीर होतील तेव्हा भाताच्या दरात किती रुपयांची वाढ झाली, याकडे सर्वांचे लक्ष असेल. त्याहून महत्त्वाचे आहे ते भाताखेरीज आणखी काय, किती आणि किती वर्षे खरेदी केले जाणार, याचे उत्तर.