केसपेपर कोणासाठी लिहिला जातो?

सरकारी रुग्णालयांतील नोंदींचा विषय निघाला की चर्चा संगणकापाशी जाऊन थांबते. कागद गेला, पडदा आला, की प्रश्न सुटला असे गृहीत धरले जाते. या समजाला अनुभवाचा आधार नाही. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चालणारी संगणकीय नोंदप्रणाली २०२२ च्या जुलैत शासन आणि कंत्राटदार कंपनी यांच्या वादात बंद पडली आणि डॉक्टरांच्या हाती पुन्हा कागद आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिल्लीच्या ‘एम्स’चे सर्व्हर सायबर हल्ल्याने ठप्प झाले; तेथेही कित्येक दिवस हातानेच लिहावे लागले. पण या यंत्रणा अखंड चालल्या असत्या तरी एक प्रश्न शिल्लक राहिलाच असता: ही नोंद कोणासाठी लिहिली जाते?

रुग्ण डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा तो मराठीत बोलतो, आणि नेमके बोलतो. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, आग होते, टोचल्यासारखे वाटते. हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. वैद्यकशास्त्रही हे भेद मानते. येऊन-जाऊन येणारी पोटातली कळ आणि सतत जळजळणारी आग यांवरून निदानाची दिशा बदलते. परंतु बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत केसपेपरवर बहुधा उतरते ते एकच ‘पेन’, आणि पुढे किती दिवसांपासून तो आकडा. रुग्णाची स्वतःच्या शरीराविषयीची साक्ष अशी पहिल्याच ओळीत गळून जाते. खाली औषधांसमोर ‘बी.डी.’, ‘टी.डी.एस.’ ही लॅटिन लघुरूपे येतात. गडचिरोलीच्या शेतमजुराने गोळी दिवसातून दोनदा घ्यायची की तीनदा, हे लॅटिनमधून समजून घ्यावे, अशी ही व्यवस्था आहे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपावी लागतात आणि मागणी केल्यास ७२ तासांत द्यावी लागतात. हक्क मोलाचा आहे. पण हाती आलेला कागद वाचता येत नसेल तर तो हक्क अर्धाच. हीच नोंद उद्या चौदा आकडी ‘आभा’ क्रमांकाशी जोडली गेली, तर न कळणाऱ्या कागदाची न कळणारी फाईल होईल, एवढेच.

मराठीत लिहिणे अशक्य आहे म्हणावे, तर शस्त्रक्रियेपूर्वीचे संमतीपत्र पाहावे. ते मराठीत छापलेले असते. कारण उघड आहे: तेथे रुग्णाची सही किंवा अंगठा हवा असतो आणि उद्या ‘मला कळले नव्हते’ असे त्याने म्हणू नये, याची काळजी असते. जबाबदारी रुग्णावर टाकायची तेव्हा त्याची भाषा आठवते, माहिती द्यायची तेव्हा मात्र तिचा विसर पडतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, वैद्यकाची भाषा इंग्रजी आहे. असू द्यावी, डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेली टिपणे इंग्रजीत राहण्यास कोणाची हरकत नाही. आजार काय, औषध कसे घ्यायचे, पुन्हा कधी यायचे आणि कोणते लक्षण दिसताच धावत यायचे, एवढे चार मुद्दे डिस्चार्ज कार्डावर मराठीत हवेत. दुसरा, निवासी डॉक्टरांना वेळ नाही. हे खरेच आहे. म्हणूनच ते काम त्यांच्यावर न लादता प्रशिक्षित नोंदलेखक नेमावेत आणि डॉक्टरांनी फक्त तपासून सही करावी.

असे नोंदलेखक घडवणार कोण? इथे प्रश्न मराठी विभागांच्या दाराशी येतो. व्यावहारिक मराठीच्या नावाखाली अर्ज, बातमी, जाहिरात, इतिवृत्त शिकवले जाते. डिस्चार्ज कार्ड त्या यादीत सहसा नसते. भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांत वैद्यकाच्या शाखाही आहेत, पण त्यांतील शब्द रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतात की नाही, हे पाहणे कोणाचेच काम ठरलेले नाही. मराठी ज्ञानभाषा व्हावी, असे ठराव संमेलनांतून होतच राहतील. तोवर एखाद्या विभागाने जवळच्या जिल्हा रुग्णालयाशी बोलून एका वॉर्डाचे कार्ड मराठीत करून दाखवावे. प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला तो कागद घरी कोणालातरी वाचता आला पाहिजे.