रस्ता रिकामा होईपर्यंत

बर्फ आम्ही आजवर दोनच ठिकाणी पाहिला होता. एक रसवंतीवाल्याच्या पेटीत, भुशात ठेवलेला, आणि दुसरा सिनेमात. जानेवारी २०२३ मध्ये मुलाला नोकरीतली प्रवास-सवलत मिळाली आणि आम्ही नवरा-बायको, मुलगा, सून असे चौघं काश्मीरला जाऊन पोचलो. आई मागं धाकट्याकडे राहिली. तिकडे २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याच्या थंडीचे, त्याला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. आम्ही नेमके त्यातच सापडलो. माकडटोपी, दोन स्वेटर, वर सुनेची शाल, तरी दात वाजत होते.

श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे पन्नास किलोमीटर. टंगमर्गच्या पुढं घाट लागतो. बर्फ असला की चाकांना लोखंडी साखळ्या बांधल्याशिवाय गाडी वर सोडत नाहीत. पण आमचा जीव अडकला तो टंगमर्गच्या अलीकडच्या सरळ रस्त्यात. दोन्ही बाजूंना पॉपलरची उंच, सरळसोट झाडं. पान एक नाही, पण काटकी न् काटकी बर्फानं मढलेली. रस्ता पांढरा, शेतं पांढरी, आभाळही तसंच. याच झाडाच्या फळ्यांच्या पेट्यांतून सफरचंदं आपल्या वाशीच्या बाजारात येत आली आहेत, असं गाडीवाल्या भाईजाननं सांगितलं तेव्हा मुलांच्या आईला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. अशा किती पेट्यांच्या फळ्या आपल्या घराघरांत भिंतीवर मांडणी होऊन बसल्या असतील!

मुलानं जुना कॅमेरा निम्म्या किमतीत घेतलाय आणि त्याचं वेड आम्हालाही लावलंय. गाडी थांबवून तो उतरला, आम्ही मागोमाग. म्हणाला, “बाबा, रस्त्यावर पाय टाकू नका, पावलं उमटतील.” घाईही होती. जरा ऊन पडलं किंवा वारा सुटला, की फांद्यांवरचा बर्फ धपाधप खाली येतो आणि झाडं उघडी पडतात.

पहिला फोटो पाहिला तर बर्फ मळकट, धुवून नीळ न घातलेल्या धोतरासारखा. आम्हाला वाटलं कॅमेराच बिघडला. पोरानं समजावलं. कॅमेऱ्याला पांढरं-काळं कळत नाही. समोर जे आहे ते मधल्या राखाडी रंगाचं आहे असं धरून तो उजेड मोजतो, म्हणून पांढऱ्यालाही राखाडी करून टाकतो. बर्फात त्याचं ऐकायचं नाही. उजेडाचा काटा आपण होऊन एक-दोन घरं वाढवायचा. आणखी एक गोष्ट तो सांगत होता, की थंडीनं बॅटरी लवकर बसते, म्हणून जादा बॅटरी सदऱ्याच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायची. आणि उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचा. नाहीतर चष्म्यावर धरते तशी वाफ त्याच्यावर धरते.

हे सगळं चाललं होतं, पण फोटो काही जमेना. कारण पुढं रस्त्यावर पाच-सहा माणसं होती. मधला बर्फ मशीननं ढकललेला, कडेचा ही माणसं लांब दांड्याच्या फावड्यांनी उपसत होती. अंगात फेरन, पायात रबरी बूट. आम्हाला हवा होता कॅलेंडरवर असतो तसा रिकामा रस्ता. दहा मिनिटं वाट पाहिली. शेवटी आम्हीच भाईजानला म्हणालो, “त्यांना जरा बाजूला व्हायला सांगा की.”

बोललो आणि आमचेच शब्द आमच्या कानाला ओळखीचे लागले.

१९७२चा दुष्काळ. मराठवाड्यातल्या आमच्या गावचा रस्ता त्या सालचा. आई-दादा खडी फोडायला होते. आम्ही आठ-नऊ वर्षांचे, दुपारी सुकडी मिळते म्हणून मागं मागं जायचो. काम पुरं झालं त्या दिवशी साहेब आले, गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस आला. मुकादम ओरडला, “ए, बाजूला व्हा, फोटो काढायचाय!” सगळी माणसं कडेच्या नाल्यात उतरून उभी राहिली. आईच्या हातात हातोडी तशीच होती. दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरात त्यांचा एकच फोटो आहे, लग्नातल्या घोळक्यातला. निम्मा चेहरा दुसऱ्याच्या फेट्याआड.

मुलाला हे तिथंच, कुडकुडत सांगितलं. तो काही बोलला नाही. पुढं गेला, त्या माणसांशी तोडक्या-मोडक्या हिंदीत बोलला. ती हसली. एकानं फेरनच्या आतली कांगडी काढून मुलांच्या आईपुढं धरली. मातीच्या भांड्यात निखारे, बाहेरून वेताची टोपली. तिनं हात शेकून घेतले.

मग फोटो निघाला. पहिल्या खेपेला माणसं नुसत्या काळ्या सावल्या. भोवतीचा बर्फ सांभाळताना कॅमेऱ्यानं चेहरे बुडवले होते. काटा आणखी वाढवला तेव्हा दाढीतला बर्फसुद्धा दिसू लागला. मागं झाडांच्या दोन रांगा, पुढं फावड्यांवर रेललेली सहा माणसं.

सात प्रती काढल्या. सहा भाईजानच्या पत्त्यावर पाठवल्या, सातवी आमच्या भिंतीवर आहे. माणसं जेवायला गेल्यावर रिकाम्या रस्त्याचाही फोटो काढला, खोटं कशाला बोलावं. तोही छान आलाय, सुनेच्या मोबाईलवर असतो.

घरी आल्यावर आईला फोटो दाखवला. आम्हाला वाटलं, बर्फ पाहून म्हातारी हरखून जाईल. तिनं चष्मा पुसला, फोटो डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “ह्यांला रोज किती पडतो रं?”

तेवढं विचारायचं आम्ही विसरलो होतो.