अडलेलें बंदर आणि मासळीचा वाटा

दूर देशीं घडलेली एखादी गोष्ट आपल्या घरच्या चुलीपर्यंत कशी येऊन पोहोंचते हें दाखविणें, हें या सदराचें एक कर्तव्य आम्ही समजत आलों आहों. या खेपेस मासेमारांच्या प्रश्नाकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं मासळी शिजत नाहीं, आणि आम्ही लिहीत आहों तें कामठ्यासारख्या, समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या धानाच्या मुलुखांतून. तेव्हां "या भांडणाशीं आपला काय संबंध?" असें घरांतील वडील मंडळींनीं विचारलें, तर तें स्वाभाविकच आहे. संबंध आहे, आणि तो आपण समजतों त्याहून निकटचा आहे. परंतु तो दाखविण्यापूर्वीं मूळ हकीकत सांगितली पाहिजे.

एप्रिल २००९ मध्यें फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील बूलोन, कॅले व डंकर्क या तीन बंदरांचीं तोंडें तेथील मासेमारांनीं आपल्या नौका आडव्या घालून बंद केलीं. इंग्लंड व फ्रान्स यांमधील चिंचोळा समुद्र ओलांडणाऱ्या उतारूंच्या बोटी त्यामुळें अडकून पडल्या. ईस्टरचा सण नुकताच झाला होता. सुटी संपवून मुलांबाळांसह घरीं परतणाऱ्या कुटुंबांना धक्क्यावर तिष्ठत बसावें लागलें. मासेमारांची तक्रार अशी होती. युरोपांतील राष्ट्रसंघानें १९८३ पासून असा नियम केला आहे कीं, कोणत्या जातीचा मासा वर्षांत एकंदर किती धरावयाचा याचें माप आधीं ठरवावें आणि तें निरनिराळ्या देशांस वाटून द्यावें. या वाट्यास 'कोटा' म्हणतात. कॉड व सोल या माशांचा त्या मासेमारांचा वाटा वर्षाचे पहिले कांहीं महिने सरतात न सरतात तोंच संपत आला. उरलेले महिने जाळें खुंटीस टांगून संसार कसा चालवावा? सरकारनें चाळीस लक्ष युरोंचें साह्य देऊं केलें. तें त्यांनीं प्रथम झिडकारलें. त्यांस पैसा नको होता, काम हवें होतें. वाटा वाढवून मिळाला नाहीं, आणि दोन-तीन दिवसांनीं नाकेबंदी उठली.

या कृत्याचा निवाडा कसा करावा? धक्क्यावर अडकलेल्या त्या आयाबायांनीं मासेमारांचें काय घोडें मारलें होतें? उद्यां कोणी गोंदियाच्या जंक्शनवर रूळ अडवून हावड्याकडील व मुंबईकडील गाड्या थांबविल्या, आणि त्यांत आपल्या घरची बाळंतीण किंवा परीक्षेस निघालेला मुलगा असला, तर आपणांस राग येईल, आणि तो योग्यच असेल. निरपराध्याची वाट अडविणें हा अन्याय आहे, हें आम्ही प्रथमच स्पष्ट सांगून टाकतों.

परंतु एवढ्यानें विचार पुरा होत नाहीं. गिरणीतील कामगार संपावर गेला तर गिरणी बंद पडते आणि मालकाला त्याच्याशीं बोलावें लागतें. शिक्षक वर्गावर गेला नाहीं तर शाळा ओस पडते. मासेमार समुद्रावर गेला नाहीं तर काय होतें? त्याचीच चूल थंड राहते. दुसऱ्या कोणाचेंही कांहीं अडत नाहीं. बाजारांत मासा दुसरीकडून येतो. ज्याच्या हातीं संपाचें हत्यार असें बोथट, तो शेवटीं दुसऱ्याची वाट अडवितो. कारण त्याखेरीज त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं. हें त्याच्या कृत्याचें समर्थन नव्हे; पण कारण खचित आहे, आणि कारण समजल्यावांचून उपाय सांपडत नसतो.

मग मापच नको, ज्याला जितका मासा मिळेल तितका त्यानें धरावा, असें म्हणावें काय? तसेंही म्हणतां येत नाहीं. कॅनडाच्या पूर्वेस न्यूफाउंडलंड नांवाचें बेट आहे. तेथील समुद्रांत कॉड मासा इतका विपुल होता कीं, सुमारें पांचशें वर्षें त्यावर गांवेंच्या गांवें पोसलीं गेलीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रचंड यांत्रिक जहाजें आलीं, रात्रंदिवस समुद्राचा तळ खरवडूं लागलीं, आणि ठरविलेलीं मापेंही प्रमाणाबाहेर उदार होतीं. अखेर २ जुलै १९९२ रोजीं सरकारला तो मासा धरण्यावर बंदी घालावी लागली आणि तीस हजारांच्या घरांत माणसें एका दिवसांत बेकार झालीं. यांतील मर्माची गोष्ट पुढेंच आहे. किनाऱ्यालगत लहान होड्यांतून मासेमारी करणारे लोक बंदीच्या कित्येक वर्षें आधींपासून सांगत होते कीं, मासा कमी झाला आहे, लहान झाला आहे. पण मोजदाद करणाऱ्यांच्या तक्त्यांत मोठ्या जहाजांची भरघोस पकड दिसत होती. तिच्यापुढें या लोकांचें म्हणणें कोणीं मनावर घेतलें नाहीं. म्हणजे माप हवें, यांत शंका नाहीं. परंतु पाण्यावर ज्याचें आयुष्य गेलें त्याला वगळून केलेलें माप आंधळें ठरतें.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. महाराष्ट्रांत समुद्रावरील माशांचें असें वजनी वांटप नाहीं. आपल्याकडील बंधन आहे तें काळाचें, जागेचें व जाळ्याचें. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून मगच होडी पाण्यांत लोटावयाची, ही कोळ्यांची जुनी रीत. पावसाळा हा माशांच्या विणीचा काळ असल्यामुळें या रीतींत मोठें शहाणपण होतें. आज जून-जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांस सरकारी बंदी असते, ती याच धोरणाची. पण येथेंही भांडण आहे तें लहान व मोठा यांचेंच. गोव्यांत १९७० नंतरच्या दशकांत किनाऱ्यावरून रापण ओढणारे मासेमार यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध उठले. महाराष्ट्रांत १९८१ सालीं समुद्रांतील मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. तरी थवेच्या थवे एका वेढ्यांत ओढून नेणाऱ्या पर्ससीन जाळ्यांविरुद्ध मालवणापासून वरपर्यंत पारंपरिक मासेमारांची ओरड चालूच राहिली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्यें शासनाला त्या जाळ्यांवर निर्बंध घालावे लागले. निर्बंध कागदावर आले. ते भर समुद्रांत पाळले जातात कीं नाहीं, हें पाहण्याची खटपट किनाऱ्यावरील लोकांस अजून करावी लागते.

येथवर आलेला वाचक म्हणेल, हें सर्व समुद्राचें झालें, कामठ्याचें काय? आमचा गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग होता, आणि हे दोन्ही जिल्हे तलावांचे म्हणून प्रसिद्ध आहेत. कोहळी समाजाच्या कर्त्या पुरुषांनीं येथें पिढ्यान् पिढ्या तलाव बांधले. नवेगावचा बांध कोलू पाटलाच्या नांवानें आजही ओळखला जातो. या तलावांतील पाण्यावर धान पिकलें आणि त्याच पाण्यावर ढिवर बांधवांचें पोट चाललें. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी' या नांवाचें लघुरूप होऊन लोक त्यांस 'मामा तलाव' म्हणूं लागले. मालगुजाराच्या जाचाबरोबर त्याची देखभालही गेली. पाळ खचली, गाळ सांचला, बेशरमीच्या झुडपांनीं कांठ गिळले. आज ढिवरांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्यानें घेतात, ठेक्याची रक्कम भरतात, मत्स्यबीज विकत घेऊन सोडतात. आणि धानाला शेवटचें पाणी देण्यासाठीं तलाव उपसला गेला, कीं उन्हाळ्यापूर्वींच त्यांची सारी पुंजी चिखलांत तडफडते. शेतकऱ्याची निकड खोटी नाहीं. पण मोरी किती उघडावयाची हें ठरवितांना ढिवराला कोण विचारतो? फ्रान्सांत वाटा माशांचा होता. आमच्याकडे तो पाण्याचा आहे. न्याय मात्र एकच.

या अंधारांत एक आशेची गोष्टही आहे. याच जिल्ह्यांतील अर्जुनी-मोरगाव तालुक्यांत ढिवर स्त्री-पुरुषांनीं कांहीं तलावांतील बेशरम उपटून काढली, तळ नांगरला, देशी पाणवनस्पती आपल्या हातांनीं लाविल्या. त्यांच्या आडोशाला देशी मासा पुन्हां अंडीं घालूं लागला. कोणता मासा कोठें वितो, कोणत्या गवतांत पिलें लपतात, हें ज्ञान कोणत्याही कचेरींत नव्हतें. तें त्यांच्या घरांत होतें.

आतां वडील मंडळींच्या प्रश्नाचें उत्तर. एकादशीला आपल्या घरीं ज्या शिंगाड्याच्या पिठाची थालीपिठें होतात, तो शिंगाडा तलावांत वाढतो, आणि या भागांत तो लावून, गळ्याइतक्या पाण्यांत उतरून तोडणारे हात ढिवरांचेच आहेत. आपल्या पानांतील भात त्याच तलावाच्या पाण्यावर पिकतो. ज्याच्या श्रमावांचून आपला उपवासही सुटत नाहीं आणि मोडतही नाहीं, त्याच्या चुलीशीं आपला संबंध नाहीं असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

आमच्या वाचकांच्या घरोघर वकील आहेत, शिक्षक आहेत, पाटबंधारे व महसूल खात्यांत अधिकारावर असलेलीं मुलें-सुना आहेत. त्यांच्याकडून आमची अपेक्षा मोठी नाहीं. ढिवरांच्या संस्थेचा अर्ज मेजावर आला तर तो वाचावा. हिशेबाच्या वहींत किंवा करारनाम्यांत त्यांस कोणी फसवीत असेल तर बोलावें. ग्रामसभेंत पाण्याचा प्रश्न निघेल तेव्हां त्यांच्यापैकीं एकाला पुढें बसवावें आणि त्याचें म्हणणें टिपून घ्यावें. माप ठरवितांना ज्याला बोलाविलें जातें, तो माणूस तें माप कितीही कडक असलें तरी बहुधा पाळतो. आणि ज्याला बोलाविलें जात नाहीं, तो एके दिवशीं बंदराच्या तोंडाशीं आडवी नौका घालून उभा राहतो. त्या दिवशीं धक्क्यावर अडकलेल्या निरपराध उतारूंत आपणही असूं. मात्र त्या वेळीं आपल्यापैकीं कितींना स्वतःस खरोखर निरपराध म्हणवून घेतां येईल, याचा विचार आजच केलेला बरा.