मोडलेला कान हे पदक नव्हे

ऊसनोंदीच्या निमित्ताने आम्ही गटातील गावोगाव फिरतो. जिथे ऊस तिथे तालीम, हे आपल्या भागाचे जुने समीकरण. जुना पैलवान ओळखायला नाव विचारावे लागत नाही, कानाकडे पाहिले की झाले. पण चौदा-पंधरा वर्षांची काही पोरे आपला कान कधी मोडतो याची वाट बघत बसतात, कोणी तर मुद्दाम ठोसे मारून घेतात. या गोष्टीचे कौतुक आता थांबले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोडलेला कान म्हणजे वेळेवर न पाहिलेली जखम. बाहेरचा कान कुर्चेचा बनलेला असतो. या कुर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातूनच तिचे पोषण होते. कुस्ती धरताना कान प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर किंवा मॅटवर जोराने घासला की हे आवरण सुटते आणि मधे रक्त साठते. साल सुटलेल्या झाडाची जी गत, तीच कुर्चेची. तिचे पोषण तुटते, ती मरते आणि तिच्या जागी वेडीवाकडी घट्ट गाठ धरते. कान फुलकोबीच्या गड्ड्यासारखा होतो. इंग्रजीत त्याला नावच कॉलीफ्लॉवर इअर असे आहे. कधी कधी कानाचे छिद्र अरुंद होते, मळ साठतो, ऐकायला कमी येते. हे दुखणे नवे नाही. रोममध्ये १८८५ साली सापडलेल्या प्राचीन मुष्टियोद्ध्याच्या काशाच्या पुतळ्याचेही कान असेच सुजलेले आहेत.

तोडलेला ऊस लवकर गव्हाणीत पडला नाही तर साखर घटते, हे आपणास सांगायला नको. कानाचेही तसेच आहे. कान सुजून मऊ लागला की कुस्ती तिथेच थांबवावी, फडक्यात गुंडाळून बर्फ लावावा आणि एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठावा. ते साठलेले रक्त काढतात आणि पुन्हा साठू नये म्हणून कानावर दाब देणारी पट्टी बांधतात. ही दाबपट्टीच महत्त्वाची. नुसते रक्त काढले तर ते पुन्हा भरते, म्हणून पुन्हा दाखवायला जावे लागते. आठ-दहा दिवस गेले की रक्त गोठून घट्ट होते, मग सुईने भागत नाही, शस्त्रक्रिया करावी लागते. डॉक्टर सांगतील तोपर्यंत आखाड्यात उतरू नये.

तालमीतच सुईने कान फोडण्याचा प्रकार मात्र कडक शब्दांत बंद करावा. कानात पू झाला तर उरलेली कुर्चाही जाते, आणि एकच सुई दोघांना टोचली तर कावीळ एकाची दुसऱ्याला होऊ शकते. शेकणे, चोळणे हेही नको.

यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे कानरक्षक. अमेरिकेत शाळांच्या कुस्तीत तो बांधावाच लागतो. आंतरराष्ट्रीय नियमांतही धातूचा किंवा टणक भाग नसलेला कानरक्षक चालतो. काही वस्ताद म्हणतात, त्याने गरम होते, ऐकू येत नाही, पट्टा सरकतो. हे खरे आहे. पण मैदानातली कुस्ती काही मिनिटांची आणि सराव रोजचा, सकाळ-संध्याकाळचा. निदान सरावात तरी बांधायला काय हरकत? आपण बेणेप्रक्रिया लागणीआधी करतो, काणीचा चाबूक बाहेर पडल्यावर नाही.

कोणी म्हणेल, मोडक्या कानाला मान असतो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे नाव आजही निघते ते १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील ब्राँझ पदकामुळे. मान कुस्तीला असतो, कानाला नव्हे.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक गावच्या तालमीने वर्गणीतून चार-सहा कानरक्षक घ्यावेत. वस्तादांनी सराव संपल्यावर पोरांचे कान बोटाने दाबून पाहावेत. आणि आई-बापांनी सुजलेला कान अभिमानाने दुसऱ्याला दाखवण्याआधी डॉक्टरला दाखवावा. पोरगं उद्या कुस्ती सोडेल, नोकरी करेल, शेती करेल. कान मात्र त्याला जन्मभर तोच वापरायचा आहे.